जवाचा उतारा

दहाव्याला भटजींनी माझ्या ओंजळीत तीळ आणि जव ओतले आणि पाणी सोडायला सांगितलं. पाणी गेलं, तीळ गेले, जव मात्र बोटांना चिकटून राहिले. भटजी म्हणाले, "झटका, मास्तर, झटका." मला हसू येत होतं. क्षौर केलेल्या डोक्यानं, ओल्या धोतरात नदीकाठी उभा राहून चुलत्याच्या नावानं हसणारा पुतण्या लोकांना बरा दिसला नसता, म्हणून मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मास्तर रडतोय. तेही अगदीच खोटं नव्हतं.

काकांना मूलबाळ नव्हतं, म्हणून हे सगळं माझ्याकडे आलं. सुतकात शाळेत जायचं नाही, कुणाच्या दारी जायचं नाही. ओटीवर बसून राहायचं. गावातले लोक येतात, घडीभर टेकतात आणि उठताना मनापासून म्हणतात, "पेजवाले गेले. फार वाईट झालं." माणूस गेल्यावरही आम्ही त्याचं टोपणनाव त्याच्याबरोबर जाऊ देत नाही. हे नाव काकांना कसं पडलं ते गावाला ठाऊक आहे. त्यानंतर काय झालं ते काकीला आणि मला ठाऊक आहे.

आमचं गाव किन्हवलीपासून तासाभराच्या चालीवर. तालुका शहापूर, पण औषधपाण्याला आम्ही मुरबाडच गाठतो. या गावातून काका ऐन तरुणपणी उत्तरेकडच्या डोंगरात, गोऱ्यांच्या एका बीरच्या, म्हणजे बिअरच्या, कारखान्यात नोकरीला गेले आणि तीस वर्षांनी परत आले. गावातून एवढ्या लांब दुसरं कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे ते तिथं काय करत हे कुणी पाहिलं नव्हतं. काका सांगत, "मालटवर होतो." मालट म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्या शब्दाचा दोन-तीन वर्षं चांगला दरारा राहिला. पाराच्या कट्ट्यावर त्यांना टेकायला खोडाकडची जागा मिळे.

दरारा उतरवला तो पाटलांच्या जावयानं. हा गृहस्थ मुंबईला सोडावॉटरच्या कारखान्यात होता आणि म्हणून बाटलीत भरल्या जाणाऱ्या सर्व पदार्थांवर त्याचा अधिकार चाले. तो भर पारावर म्हणाला, "गोरे लोक आपल्या माणसाला मालटला हात लावू देतील होय? काका बाटल्या धूत असतील."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे काकांच्या हातांकडे बघायला लागले.

काकांनी तीस वर्षांच्या नोकरीतून फारसं काही आणलं नव्हतं. एक लोकरीचा कोट होता, जो आमच्या हवेत वर्षातून आठ दिवस अंगावर सोसे, आणि 'मालटवर होतो' हे दोन शब्द होते. कोटाला कसर लागलीच होती. शब्दही गेले असते तर तीस वर्षं कुठं गेली याचा जाब त्यांना स्वतःलाच देता आला नसता. ते उठले आणि म्हणाले, "इथंच बीर करून पाजीन तुमाला. तवर या कट्ट्यावर बसणार नाय."

काका सांगत ती रीत ऐकायला सोपी होती. जव भिजवायचे, मोड आणायचे. मग भरडून गरम पाण्यात घालायचे आणि तासभर मुरू द्यायचे, की पाणी गोड होतं. ते गाळायचं, कडू घालून उकळायचं, आणि निवल्यावर ताडीचा साका, म्हणजे मडक्याच्या तळाचा गाळ, टाकायचा. साका ती गोडी खातो आणि बीर होते. म्हणजे सगळी मदार त्या गोडीवर. मोड आणणं आणि भरडणं यांच्या मध्ये एक पायरी होती, जवाचं मालट होतं ती. तिथं आलं की काका म्हणत, "मग त्येचं जे करायचं ते करायचं," आणि हात हवेत फिरवत. आम्हाला वाटे, हे कारखान्याचं गुपित आहे.

पहिले जव शहापूरच्या वाण्याकडून आणले. चार दिवस ओल्या फडक्यात बांधून ठेवले, पण एकालाही मोड आला नाही. वाण्याला विचारलं तर तो म्हणाला, "हे पूजेचे आहेत. आजवर कुणाची तक्रार नाही." काकी म्हणाली, "देव काय मोड बगून घेतो?" मग म्हसा गावच्या जत्रेत घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडून नवे जव मिळाले. लोक जत्रेतून बैल आणतात, आम्ही डोक्यावर जवाचं पोतं घेऊन आलो. या जवांना तिसऱ्याच दिवशी पांढरेशुभ्र मोड आले.

इथं माझा प्रवेश झाला. मी ट्रेनिंगच्या परीक्षेला मुंबईला गेलो असताना रस्त्यावरून एक जुनं इंग्रजी पुस्तक घेतलं होतं. त्याचं पहिलं पान नव्हतं. शेतकऱ्यानं घरी साबण, मेणबत्त्या, चीज आणि बीर कशी करावी असा त्याचा विषय होता. माझ्या शिक्षणाचा घराला काही उपयोग व्हावा अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. मी ते ओटीवर काकांना वाचून दाखवू लागलो. वाचता वाचता तोंडानंच मराठी करत होतो. मोड आल्यानंतरच्या पायरीला 'किल्न' असा शब्द आला. तो मी ऐकलेला नव्हता. शब्दकोश काढला, त्यात लिहिलं होतं, 'भट्टी'. आता भट्टी म्हटल्यावर आमच्याकडे दोनच गोष्टी समजतात, दारूची आणि भडभुंज्याची. दारू अजून व्हायची होती. मी खणखणीत आवाजात वाचलं, "मोड आलेले धान्य भट्टीत भाजून काढावे."

काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी मान डोलावली. "बरोबर. अगदी असंच."

आत चुलीशी काकीही ऐकत होती.

पुढच्या आठवड्यात बीर घातली. जव भरडून गरम पाण्यात घातले, तास झाला, काकांनी कोट चढवला आणि चमचाभर पाणी तोंडात घेतलं. मग मी घेतलं. वास सुरेख होता, भाजणीसारखा. रंग तांबूस. गोडी मात्र औषधालाही नव्हती. तोंडात राहिली ती पेज, तीही अळणी.

पुस्तकात याच्यावर एक आख्खं प्रकरण होतं. धान्यातून जितकी गोडी निघायला हवी तितकी न निघाली तर कारणं कोणती, याची लांबलचक चर्चा होती. मी त्या निघणाऱ्या गोडीला 'उतारा' असा शब्द योजला. भाताचा उतारा म्हणतात तसा जवाचा. हा शब्द योजताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुणी विचारलं, "मास्तर, झाली का बीर?" मी म्हणालो, "सगळं ठीक आहे, फक्त उतारा पाहिजे तसा नाही."

संध्याकाळी शेजारची म्हातारी सुपात भाताची मूद, लिंबू, हळदकुंकू आणि पेटती वात घेऊन आली.

"कुनाला लागलंय?" तिनं विचारलं.

"काय लागलंय?" काकी म्हणाली.

"मास्तर विहिरीवर बोलला ना, उतारा पायजे म्हून. मी म्हनलं, नवी नवी घागर, कुनाची तरी नजर पडली असंल."

तिनं घागरीवरून सात वेळा सूप ओवाळलं आणि मागं न बघता तिठ्यावर जाऊन ठेवून आली. काका इंग्रजी कारखान्यातले, पण ओवाळायला घागर त्यांनीच पुढं सरकवली होती. पुढची खेप घातली तेव्हा गोडी नव्हतीच. म्हातारी म्हणाली, "मंग नजर नाय. पितरं असतील. जव त्यांचा. तुमी गोडी काढता, ते वरच्या वर पितात." हा तर्क खोडून काढायला माझ्या पुस्तकात काही नव्हतं.

आम्ही पुस्तकाप्रमाणे एकेक कारण तपासत गेलो. पुस्तक म्हणे, दळण फार बारीक नको. आमचं जातं पीठच काढी, त्याचा गाळताना चिखल होई. मग उखळात कांडून पाहिलं. पुस्तक म्हणे, पाणी पाहा. विहिरीचं पाणी सोडून नदीचं आणलं, मग काकांना आठवलं की कारखाना झऱ्यावर होता, म्हणून दोन कोसांवरून झऱ्याचं आणलं. काकी ते डोक्यावरून आणताना एकच वाक्य बोलली, "गोऱ्यांच्या डोंगरावर बाया नसतील, नायतर त्यांनी विहीरच खनली असती."

मग राहिली ऊब. पुस्तकात लिहिलं होतं, पाणी दीडशे अंश फॅरनहाइट गरम हवं. काका म्हणाले, कारखान्यात त्यासाठी काचेची नळी होती. काचेची नळी आमच्या पंचक्रोशीत एकच होती, मुरबाडच्या दवाखान्यात. कंपाउंडर माझ्या ओळखीचा. मी गेलो आणि थर्मामीटर मागितलं.

"कुणाला ताप आहे?" त्यानं विचारलं.

"जवाला," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

त्यानं माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं. "मास्तर, ताप जवाला आहे की जवाचा तुम्हाला?" पण त्यानं नळी दिली. रविवारी ती घागरीत बुडवली. माणसाचा ताप मोजायची ती नळी. तिची अक्कल शंभरावर आठ-दहा अंशांनी संपत होती, ही गोष्ट मी, गणिताचा शिक्षक, विसरलो होतो. पारा सर्रकन टोकाला गेला आणि टक् करून काच फुटली. ती खेप काकांनी बांधाच्या कडेला खड्डा करून पुरली आणि काकीनं दोन दिवस कोंबड्या त्या बाजूला फिरकू दिल्या नाहीत. कंपाउंडरला नळी भरून द्यावी लागली, आणि मुरबाडला माझ्या नावापुढं 'जवाचा डॉक्टर' हे लागलं ते अजून आहे.

शेवटी काकी म्हणाली, "न्हानाच्या पान्यापरीस कडक, चहापरीस निवल्यालं. बोट घालून तीनवर मोजता आलं पायजे, चारवर नाय." पुस्तकातल्या दीडशे अंशांपेक्षा हे माप सोपं होतं आणि फुटणारं नव्हतं. पण त्यानंही गोडी आली नाही. काका हट्टाला पेटले होते. गोडी नसली तरी त्यांनी त्या खेपेत कडू म्हणून काडेचिराईत उकळलं, साका टाकला आणि सहा दिवस झाकून ठेवलं. "आतून व्हत आसंल," ते म्हणाले.

आणि आबकारीवाले आले.

आमच्या रानात मोहाच्या भट्ट्या कुठल्या ओहोळाला नाहीत, हे सांगणं कठीण. त्यांचा धूर दिसू नये इतकी दृष्टी आबकारी खात्यानं कमावली होती. पण काकांची घागर गावाच्या मधोमध, उजेडात, पडवीत होती. ती न दिसणं खात्यालाही जमेना. कुणीतरी कळवलं असणार. दुपारी एक साहेब सायकलवरून आणि त्याच्यामागं एक जमादार चालत असे दारात उभे राहिले. अर्धा गाव अंगणाच्या कुंपणाशी गोळा झाला. पाटलांचा जावई पुढं होता.

"यात काय आहे?" साहेबानं घागरीकडे बोट केलं.

काका आत गेले, कोट घालून बाहेर आले आणि म्हणाले, "बीर."

"पेज हाय, सायेब," काकी दारातून ओरडली. "आदल्या दिवसाची."

"बीर आहे," काका म्हणाले. "बिनपरवाना."

साहेबानं पिशवीतून दारूचा जोर मोजायची काचेची तरंगती नळी काढली. तिला पाहून मला मुरबाडची आठवण झाली. त्यानं एका पेल्यात घागरीतलं पाणी घेऊन नळी सोडली, वाकून पाहिलं, नळी पुसली, पुन्हा सोडली. मग जमादाराला खूण केली. जमादार या विषयातला जुना माणूस. त्यानं आधी बोट चाखलं, मग पेला उचलला आणि सगळा पिऊन टाकला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सायेब," तो मिशी पुसत म्हणाला, "पेज हाय. मीठ नाय घातलेलं. आन कायतरी कडू पाला पडलाय त्यात."

कुंपणाशी पहिलं हसू फुटलं.

"नीट चाखा," काका म्हणाले. "सहा दिवस आंबलीय."

"मंग आंबील म्हना."

"तुमी पंचनामा करा."

साहेब तरुण होता, वाईट नव्हता. तो म्हणाला, "काका, पेजेचा पंचनामा केला तर शहापूरपासून ठाण्यापर्यंत माझी वरात निघेल."

"मग लेखी द्या."

"काय लेखी देऊ?"

"की मी गुन्हा केलाय."

साहेबानं सायकल वळवली. "गुन्हा करता यायला पाहिजे, काका," तो म्हणाला. तो हे प्रेमानंच म्हणाला. त्यामुळे ते जास्त लागलं.

चार वर्षं सक्तमजुरी झाली असती तरी काका ताठ मानेनं गेले असते. सरकारनं त्यांना निर्दोष सोडलं आणि ते घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. त्याच संध्याकाळी पारावर 'पेजवाले' हे नाव ठरलं. तेव्हापासून काका परसाकडच्या दारानं येऊ जाऊ लागले. सकाळची पेज त्यांनी सोडली. आमच्याकडे सकाळी पेज सोडणं म्हणजे जवळजवळ अन्न सोडणंच. काकी वाडगा पुढं ठेवी, ते सरकवून देत.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका सुट्टीच्या दिवशी मी दुपारी त्यांच्याकडे गेलो तर चुलीवर खापरी होती आणि काकी उलथन्यानं काहीतरी परतत होती. सगळ्या घरभर तोच सुरेख वास.

"काय भाजतेस, काकी?"

"उरल्यालं मोडाचं जव. आता बीर काय व्हत नाय. भाजते, दळते, सातूचं पीठ करते. टाकू कसं?"

"भाजायला कशाला पाहिजे?"

"न भाजता दळल्यालं पीठ कोन खातं? कच्चं पोटाला बादतं."

दाणे चांगले तांबूस झाले होते. मी म्हणालो, "आधीच्या खेपांनाही असंच भाजत होतीस?"

तिनं उलथनं थांबवलं. "मंग? तूच वाचून दावलंस की ओटीवर. भट्टीत भाजून काढावं. आमच्याकडं भट्टी नाय म्हून खापरीत भाजलं. करपवलं नाय हो एकदाबी."

मी घरी जाऊन पुस्तक काढलं. त्या शब्दानंतरचं पान मी त्या दिवशी कंटाळून उलटलं होतं. त्यात लिहिलं होतं की ही भट्टी म्हणजे मंद ऊब दिलेली खोली. दाणे तिच्यात नुसते सुकवायचे. मोडात एक शक्ती असते, पिठाची गोडी तीच करते आणि आच जास्त झाली की ती मरते. पुढं पाणी कितीही निवडा, दळण कितीही नीट करा, व्यर्थ. उकळत्या दुधात विरजण घालून दही का लागत नाही म्हणून भांडं बदलत बसावं, तसं आम्ही तीन-चार महिने करत होतो. झऱ्याचं पाणी निर्दोष होतं. पितरं निर्दोष होती. दोषी एक शब्दकोश आणि तो उघडणारा मास्तर.

हे लक्षात आल्यावर मी काकांना सांगायला धावतच निघालो, आणि त्यांच्या अंगणातच थांबलो. 'भाजून काढावे' असं मी वाचलं तेव्हा मालटवर तीस वर्षं काढलेल्या माणसानं मला तिथंच अडवायला हवं होतं. भाजलेल्या आणि सुकवलेल्या दाण्यातला फरक त्याच्या नाकालाच कळला असता. काकांनी मान डोलावली होती.

काकी परसात राख टाकायला आली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "काका मालटवर होते ना?"

"मला त्यांनी कदी सांगितलं नाय, मी कदी इचारलं नाय," ती म्हणाली. "तूबी इचारू नको." मग राखेची पाटी झटकत म्हणाली, "पन एकदा न भाजता कर. पारावरचं हसनं इथवर आयकू येतं रे."

आम्ही केलं. जव भिजवले, मोड आले, ते काकीनं माझ्या परसात सुपांत पसरून तीन दिवस उन्हात सुकवले. दिसायला ते पांढुरके, गरीब, काहीच न झाल्यासारखे होते. उखळात जाडसर कांडले. पाण्यात बोट घालून तीनवर मोजलं. घागर घोंगडीत गुंडाळून भाताच्या तुसात पुरली. तासानं काकीनं बोट बुडवून तोंडात घातलं आणि माझ्याकडे बघत पुन्हा बुडवलं.

"अगो बाय," ती म्हणाली. "ह्यो तर रस हाय."

त्या रसाचा वाडगा भरून मी काकांपुढं नेला. ते उठून बसले, एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"गूळ घातलात?"

"नाही."

"बिघडलं मग. बीरचं पानी कदी येवढं गोड असतं काय? टाकून दे."

मी काकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "व्हय, बिघडलं. सवडीनं टाकते." आणि माझ्या घरी येऊन तिनं घागरीतल्या रसात चिराईत उकळलं, निवल्यावर ताडीचा साका घातला. दुसऱ्या दिवशी घागरीच्या तोंडातून फेस उतू गेला. सहाव्या दिवशी तो बसला. औषधाची एक मोठी रिकामी बाटली मी उकळत्या पाण्यानं धुवून घेतली होती, तिच्यात वरचं निवळ भरलं. उरलेलं पेल्यात ओतून काकांना दिलं. हे काय ते सांगितलं नाही.

त्यांनी घोट घेतला. या वेळी तोंड वाकडं झालं नाही. ते पेला धरून बसून राहिले. मालटचं गोड पाणी त्यांनी आयुष्यात कधी चाखलं नसेल, पण बीर त्यांना ओळखता येत होती. एवढी वर्षं ज्या इमारतीत काढली तिथं फुटलेल्या बाटलीतली चव तरी तोंडात गेली असणारच.

"जमादाराला बोलाव," ते म्हणाले.

"बोलवा की," काकी म्हणाली. "तुमी आत जाल. मास्तराची सरकारी नोकरी जाईल. मंग मी एकटी जाऊन पारावर सांगते, खरी बीर व्हती म्हून."

हा पेच खराच होता. पेज होती तोवर ती अख्ख्या तालुक्याला दाखवता येत होती. बीर झाली आणि ती कुणालाही दाखवण्यासारखी राहिली नाही. काकांनी आणखी एक घोट घेतला.

"या खेपेला काय येगळं केलं?"

"भाजलं नाही," मी म्हणालो. "मी चुकीचं वाचलं होतं, काका. नुसतं सुकवायचं होतं. चूक माझी."

"तू चुकलास," काका म्हणाले. "मी मान डोलावली."

काका उठले. माळ्यावर हात घालून त्यांनी मेणकापडात गुंडाळलेली एक चपटी पुडी काढली. आत कागदांची चळत होती. रंगीत, चकचकीत, एकावर डोंगर आणि हरीण छापलेलं. कारखान्यात बाटलीवर लावतात ते. काकीला म्हणाले, "थोडी खळ दे गो. भाताचीच कर, पातळ." तिनं भात चुरून पाण्यात कालवून दिला. काकांनी बाटली डाव्या मांडीवर आडवी घेतली, कागदाच्या मागं बोटानं खळ फिरवली, कागद बाटलीवर टेकवला आणि अंगठा मधून दोन्ही बाजूंना असा नेला की तो कागद नंतर लावलाय असं वाटेना. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. सगळं मिळून डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ. मी एवढी वर्षं त्यांना ओळखत होतो. पण त्यांचे हात असे चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यांनी बाटली दारातल्या उजेडाकडे धरली आणि हात लांब करून, एक डोळा बारीक करून पाहिलं.

"सरळ हाय का रे?"

मी जवळ जाऊन पाहिलं. बाटली जुनी होती, एका अंगाला थोडी तिरपी. कागद सरळ होता.